सतरावा आणा

किसन, काल शनिवारच्या गाडीत तुझी जागा मोकळी राहिली नाही. देहूरोडला मी खिडकीपाशी बसलो आणि समोरच्या बाकावर माझी पिशवी ठेवली. तळेगावला एक बाई चढली. तिच्याजवळ कोंबड्यांची पाटी होती. "पिशवी उचला की, दादा," ती म्हणाली. मी उचलली. ती बसली, कामशेतला उतरली. तू उतरायचास त्याच दाराने.

तुला जाऊन आज बारा दिवस झाले. बुधवारी सकाळी आपल्या लष्करी डेपोच्या फाटकावर मला कळले. मी आत गेलो आणि संध्याकाळपर्यंत काम केले. साडेचारशे डब्यांची मोजणी होती. मला वाटले होते, आज मोजणी चुकेल. चुकली नाही. दुपारी डबाही खाल्ला. घरी आल्यावर जैनबला सांगितले. माझ्या बायकोने तुला फार तर दहा वेळा पाहिले असेल. तरी ती रडली, मी नाही. दोनदा मला म्हणाली, "एकदा रडून तरी घ्या." मी म्हणालो, बघू.

रडू येत नाही. फक्त एक आकडा सारखा डोक्यात येतो, आणि तो तुला सांगायचा राहिला. म्हणून लिहायला बसलो आहे.

आपली ओळख लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यातली. डेपोमागच्या माळावर अमेरिकन लॉरीवाल्यांच्या चार तुकड्यांचे तंबू पडले होते. मी स्टोअरमधला कारकून, तू पेट्या उतरवणारा. नजरेची ओळख होती, त्यापुढे नाही. मला थोडे इंग्रजी येते आणि लोणावळ्याच्या मैदानावर रेल्वेच्या लोकांच्या क्रिकेट सामन्यांची धाववही मी वीस वर्षे लिहीत आलो, हे त्यांच्या एका सार्जंटला समजले. त्याचे तोंड उन्हाने लालबुंद झालेले असायचे, म्हणून आपण सगळे त्याला तांबड्या म्हणायचो. त्या चार तुकड्यांत बेसबॉलचे सामने चालत, शेवटी एक कप होता. तांबड्याने मला एका संध्याकाळी तो खेळ समजावला आणि दुसऱ्या दिवसापासून सामने लिहायला बसवले.

त्यांच्या भटारखान्यावर वानरे यायची आणि पाव पळवायची. ते लोक ओरडायचे, भांडी वाजवायचे. एक दिवस तू खांद्यावरची पेटी खाली ठेवलीस, एक गोटा उचललास आणि चिंचेच्या फांदीवर हाणलास. वानर बसले होते तिथून वीतभर अंतरावर. ते हलले नाही. तू दुसरा हाणलास, मग तिसरा. तीनही एकाच जागी. साल निघाली आणि वानर पाव टाकून पळाले. तांबड्या बघत होता. मला म्हणाला, विचार त्याला, वानराला का लागला नाही? नेम चुकला?

मी तुला विचारले. तू माझ्याकडे असे पाहिलेस, जणू मी अडाणी आहे.

"नेम चुकंल कसा? मारुतीचं वानर हाय ते. त्याला मारायचं नसतं, त्याच्या शेजारी मारायचं. त्याला बराबर कळतंय."

हे मी इंग्रजीत सांगितले. तांबड्या झाडाजवळ गेला आणि साल निघालेल्या जागेवर त्याने आपला पंजा ठेवला. तिन्ही खुणा पंज्याखाली झाकल्या गेल्या. मग तो परत आला आणि तुझ्या हातात तो शिवणीचा पांढरा चेंडू दिला. तू तो हुंगलास. "चामड्याचा हाय," म्हणालास, आणि धोतराला पुसलास.

खेळ तुला पहिल्या दिवशी सांगितला होता तसाच आज पुन्हा सांगतो, कारण आपला सगळा वाद त्यातच आहे. मी म्हणालो होतो: किसन, हा समोर दांडका घेऊन उभा राहील. त्याच्या मागे एक जण हातात जाड चामडी पंजा घालून बसेल, तो झेलणारा. तू फेकायचे. दांडकेवाल्याने फटका मारला आणि चेंडू चुकला की एक. अशा तीन चुका झाल्या की तो बाद, आणि तो बळी तुझ्या नावावर. तीन गडी बाद झाले की डाव संपला. असे नऊ डाव. नऊ त्रिक सत्तावीस.

तू विचारलेस, "आन् त्या गड्याला लागलं तर?"

"लागू द्यायचे नाही."

"मंग ते वानरासारखंच झालं," तू म्हणालास. झेलणाऱ्याचा पंजा म्हणजे फांदी आणि दांडकेवाला म्हणजे मारुतीचे वानर. बेडशाच्या भाताच्या खाचरात लहानपणापासून पाखरे राखलेल्या माणसाला याहून जास्त शिकवावे लागले नाही. तांबड्याने बूट दिले, ते तू काढून ठेवलेस. टोपी दिली, ती स्वतःच्या टोपीवर घातलीस. ते हसले, तूही हसलास.

त्यांच्या चहाच्या तंबूत एक फळी टांगली होती. त्या मोसमात एका सामन्यात सर्वांत जास्त बळी घेणाऱ्याचे नाव तिच्यावर रंगाने लिहिलेले. दुसऱ्या तुकडीचा एक उंच पोरगेला फेकणारा होता, त्याला आपण लंबू म्हणायचो. त्याचे नाव आणि पुढे सोळा. फळीचा नियम असा की बरोबरी केली तर नाव बदलायचे नाही, पुढे गेले तरच बदलायचे.

शेवटच्या सामन्याच्या दोन दिवस आधी तांबड्याचा फेकणारा हिवतापाने पडला. तांबड्या लंबूच्या तुकडीकडे गेला आणि विचारले, आमच्याकडून हा पेट्यावाला फेकेल, चालेल का? ते हसत हसत हो म्हणाले. मी तिथे होतो. फार मोकळेपणाने हसत होते.

तो सामना मी ओळीओळीने सांगू शकतो, पण सांगत नाही. माझ्याकडे कागद आहे. पहिल्या तीन डावांत त्यांचे पाच गडी तू तसेच्या तसे घालवलेस, दांडके वाऱ्यात फिरवायला लावून. चौथ्या डावापासून त्यांचे हसणे बंद झाले. तंबूंमधले लोक येऊन कडेला उभे राहिले, आपले डेपोवाले पेट्यांवर चढले. "किसन्या, हाण!" असे कोणीतरी ओरडायचे आणि अमेरिकनही तेच ओरडायला लागले, अर्थ न कळता. तू एकाही माणसाला चेंडू लागू दिला नाहीस.

सातवा डाव. पहिले दोघे तू घालवलेस. तिसऱ्याच्या दोन चुका झाल्या होत्या. तिसरा चेंडू तू असा टाकलास की तो त्याच्या गुडघ्यापाशी येऊन खाली पडला. त्याने दांडके फिरवले, चुकले. पण चेंडू जमिनीवर आपटून झेलणाऱ्याच्या पंज्यातून निसटला आणि मागे गेला. दांडकेवाला पळत सुटला आणि धाव घेताना गाठायच्या पहिल्या पोत्यावर जाऊन उभा राहिला. तिसऱ्या चुकीचा झेल सुटला तर पळायची त्या खेळात मुभा आहे. तू माझ्याकडे वळून एक बोट वर केलेस. मी ते लिहिले नाही. पुढच्यालाही तू घालवलेस आणि डाव संपला.

आपण दोन विरुद्ध एकने जिंकलो. लोकांनी तुला खांद्यावर घेतले. तुझे धोतर सुटत होते आणि तू एका हाताने ते धरून ओरडत होतास, "आरं खाली ठिवा, लाज काढताय का?" तांबड्या धावत माझ्याकडे आला, किती? मी बेरीज दोनदा केली आणि सांगितले, सोळा. तो थबकला. मला जास्त वाटले होते, म्हणाला. मग कोणीतरी त्याला ओढून नेले. फळीवर लंबूचे नाव तसेच राहिले.

अर्ध्या तासाने तू आलास. "सतरा हाईत."

"सोळा आहेत, किसन."

"सातव्या डावात चार गाडले म्या. मोज."

"एका डावात तीनच गडी बाद होतात. चार कसे होतील?"

"तो चुकला का न्हाई तीनदा?"

"चुकला. पण झेल सुटला. गडी बादच झाला नाही, पोत्यावर उभा होता. जो उभा आहे त्याचा बळी कसा लिहू?"

"झेल त्यानं सोडला. म्या तर घालवला व्हता की."

मी तुला कागद दाखवला. सोळा तुझे आणि अकरा झेल देऊन किंवा धावताना बाद झालेले, सत्तावीस. ताळा जुळत होता. सतरा लिहिले असते तर अठ्ठावीस झाले असते आणि नऊ डावांत अठ्ठावीस गडी बाद होऊ शकत नाहीत. वीस वर्षे क्रिकेट लिहिलेल्या माणसाला झेल सुटला म्हणजे काय हे माहीत असते. गोलंदाजाने कितीही चांगला चेंडू टाकलेला असो.

तू कागद बाजूला सारलास. मग म्हणालास, "तांबड्याला इचार. तुला त्याची भाषा येती."

मी विचारले नाही. इथे मला थांबून नीट लिहायला हवे. विचारायला दहा पावले जायचे होते. तांबड्या तंबूबाहेर हातात मग घेऊन उभा होता. पण मला वाटले, माझ्या माणसासाठी मी एक बळी मागायला गेलो असे दिसेल. मी सामने लिहिले तेव्हा कधी कोणाला एक धाव जास्त दिली नाही, आणि ओळखीच्या माणसाला तर मुळीच नाही. शिवाय, खरे सांगतो, मला विचारायची गरज वाटली नाही. मला माहीत होते. मी म्हणालो, "नियम मला ठाऊक आहे."

"बरं तर मंग. तुमी शिकल्यालं हाय," तू म्हणालास. दोन महिन्यांत तू मला अरे-तुरे करू लागला होतास. त्या संध्याकाळी पुन्हा तुमी झालो. पुढेही तू चिडलास की मी तुमी व्हायचो.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना हलायचा हुकूम आला. मी कामावर पोहोचलो तेव्हा लॉऱ्या रांगेत उभ्या होत्या. तांबड्याने माझ्या हातात एक पातळ छापील पुस्तक दिले, बेसबॉलचे नियम. आठवण म्हणून ठेव, म्हणाला. मी घरी नेऊन ट्रंकेत ठेवले. उघडले नाही. फळी त्यांनी नेली की जाळली, कोण जाणे.

मग आपल्या शनिवारच्या गाड्या सुरू झाल्या. तू आठवडाभर देहूरोडला खोली घेऊन राहायचास आणि शनिवारी बेडशाला जायचास, कामशेतला उतरून पायी. मी पुढे लोणावळ्याला. देहूरोड ते कामशेत आपला वाद चालायचा. तो वाद तरी कसा म्हणावा. तू डब्यात शिरतानाच ओरडायचास, "काय सोळा आणे, आज तरी पुरा रुपया हाय का?" माझे नाव तू सोळा आणे ठेवले होतेस. लोकांना वाटायचे कौतुकाने म्हणतो, की हा माणूस सोळा आणे खरा. तुला दुसरेच म्हणायचे असायचे.

"रुपया सोळा आण्यांचाच असतो, किसन."

"व्हय, पर म्या सतरावा आणा टाकलाय. तुज्या वहीत त्याला जागाच न्हाई."

"जगात सतरावा आणा नसतो."

"नसतो तर म्या टाकला कुटनं?"

शेजारचे लोक हसायचे. तळेगावला एक जण दर शनिवारी चढायचा, तो बसता बसता विचारायचा, "कुठपर्यंत आलं? सोळा का सतरा?" तू शेंगा सोलून निम्म्या माझ्या हातावर ठेवायचास आणि पुन्हा सुरू. मला तो वाद आवडत होता. हे मी तुला कधी म्हणालो नाही. मी जिंकत होतो म्हणून आवडत होता की तू समोर होतास म्हणून, ते मला आजही वेगळे करता येत नाही.

त्या एका वर्षीचे मात्र मला वेगळे करता येते. गाडीत अनोळखी लोक एकमेकांना नाव विचारू लागले होते, ते वर्ष. उत्तर ऐकून पुढे काय करायचे ते ठरत होते. जैनब म्हणाली होती, नोकरी सोडा. मी जात होतो. पहिल्या शनिवारी कामशेत आले आणि तू उठला नाहीस. मी म्हणालो, "किसन, तुझे स्टेशन." तू म्हणालास, "लोणावळ्यात काम हाय." पुढच्या शनिवारी पुन्हा काम. मी आठ शनिवार मोजले. आठही वेळा तू लोणावळ्यापर्यंत आलास, माझ्याबरोबर बाजारापर्यंत चाललास आणि मालगाडी मिळाली तर मालगाडीने, नाहीतर रस्त्याने परत गेलास. तुझे लोणावळ्यात काय काम होते, मी विचारले नाही. तू सांगितले नाहीस.

आणि त्या आठ शनिवारी तू वाद फार मोठ्याने घालायचास. सगळा डबा ऐकेल असा. "आरं सोळा आणे, कबूल कर!" "हा आमचा सोळा आणे, लय हट्टी!" मळवलीच्या आसपास एकदा दोघे जण आपल्या बाकापाशी आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत तू त्यांनाच पंच केलेस. "तुमीच सांगा, पावनं. गडी तीनदा चुकला, झेल सुटला. बळी कुणाचा?" ते बुचकळ्यात पडले. एक म्हणाला, टाकणाऱ्याचा. तू माझ्या मांडीवर थाप मारलीस, "ऐक!" ते हसले आणि पुढे गेले.

मला फार उशिरा लक्षात आले की त्या सगळ्या शनिवारी तू मला एकदाही उस्मान म्हणाला नाहीस. तांबोळीही नाही. फक्त सोळा आणे. त्याआधी आणि त्यानंतर तू निम्म्या वेळा तरी उस्मान म्हणायचास.

याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. कसे मानायचे असतात ते मला ठाऊक नव्हते. तूही मानू दिले नसतेस. "काम व्हतं," म्हणाला असतास.

आता मुख्य गोष्ट.

या वर्षी होळीच्या आधी जैनबने ट्रंक उन्हात काढली. तळाशी तांबड्याचे पुस्तक निघाले. वाळवी लागली आहे का म्हणून मी पाने चाळली. बळी कसे लिहावेत याचे एक प्रकरण होते. मी उभ्या उभ्या वाचले, मग बसून वाचले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले. दांडकेवाला तीनदा चुकला की बळी फेकणाऱ्याच्या नावावर लिहावा, झेलणाऱ्याने चेंडू सोडला आणि गडी पोत्यावर पोहोचला तरीही. म्हणजे गडी बाद नाही, पण बळी आहे. म्हणजे एका डावात चार होऊ शकतात. सोळा चूक. सतरा.

ताळा जुळत होता म्हणून मी बरोबर, असे मी चार वर्षे म्हणत होतो. ताळाच त्या खेळाचा नव्हता. क्रिकेटचा होता.

पुढच्या शनिवारी मी पुस्तक पिशवीत घालून निघालो. तू डब्यात शिरलास आणि ओरडलास, "काय सोळा आणे!" सगळे हसले. मी म्हटले, आज नको, एवढ्या लोकांत नको. त्याच्या पुढच्या शनिवारी गर्दी कमी होती. तेव्हा म्हटले, कामशेत जवळ आले की सांगू. कामशेत आले. तू म्हणालास, "पुढल्या शनिवारी बघतो तुला," आणि उतरलास. मला वाटले, हे सांगितले की आपण पुढल्या शनिवारी काय बोलणार? पावसाचे बोलू, भाताचे बोलू. तेही बोललो असतो. पण मी सांगितले नाही. माझी फजिती होईल म्हणून की वाद संपेल म्हणून, हेही मी बरेच दिवस तपासून पाहिले. दोन्ही असावे. पहिले जास्त असावे.

होळीपासून तू जाईपर्यंत एकतीस शनिवार झाले. त्यांतले पाच तू भातलावणीला होतास. उरले सव्वीस. सव्वीस वेळा मी तुझ्यासमोर बसलो, पुस्तक पिशवीत, आणि सोळा म्हणालो.

सव्विसाव्या वेळी तू शाल पांघरून आला होतास. डब्यात ओरडला नाहीस. शेंगा आणल्या होत्यास, पण सगळ्या मला दिल्यास. तळेगावच्या माणसाने विचारले, "कुठपर्यंत आलं?" तू डोळे मिटून होतास. मीच म्हणालो, "आज सुट्टी." वडगाव गेले तेव्हा तू डोळे उघडलेस.

"उस्मान, आज अंगात न्हाई रे भांडायला. चल, सोळा. सोळा तर सोळा."

साडेचार वर्षांत पहिल्यांदा. पिशवी माझ्या मांडीवर होती. पुस्तक पिशवीत होते. मी म्हणालो, "हं."

फक्त हं. कामशेतला मी तुझी वळकटी खाली दिली. तू म्हणालास, "पुढल्या शनिवारी बघतो." गाडी सुटली. मंगळवारी तू गेलास.

दहाव्याला मी बेडशाला आलो. ओढ्यावरचे सगळे उरकल्यावर माणसे पांगली आणि पारूवहिनींनी मला ओसरीवर बसवले. समोर तुझे खाचर दिसत होते, भात पोटरीतून बाहेर पडले आहे. पाखरे उतरत होती. कोणी हाकलत नव्हते. वहिनींचे लक्ष तिकडे होते, पण त्या उठल्या नाहीत.

मी म्हणालो, "वहिनी, एक सांगायचे आहे. किसन म्हणत होता ते बरोबर होते. सतराच होते."

त्यांना कळले नाही. "कसलं सतरा, भाऊजी?"

"बळी. त्या अमेरिकनांच्या सामन्यात. तो सतरा म्हणायचा ना?"

"न्हाई बा. घरात तर ते सोळाच सांगायचे. पोरांना, पावन्यांना, समद्यांना. कुनी म्हनलं, किसन, जास्तीचं सांगतोस, तर म्हनायचे, उस्माननं लिवलंय. त्यो मला एक जास्त द्यायचा न्हाई आन् एक कमीबी द्यायचा न्हाई. सोळा म्हंजी सोळा."

थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, "मंग सतरा व्हते व्हय?"

"होते."

"बरं," त्या म्हणाल्या. मग पुन्हा खाचराकडे पाहिले. "एकानं काय व्हतंय, भाऊजी? चा घेता न्हवं?"

मी चहा घेतला. त्यात गूळ होता. मग कामशेतपर्यंत चालत आलो. तू किती वेळात चालायचास ते मला माहीत नाही. मला पावणेदोन तास लागले.

म्हणजे सतरा तू फक्त मला सांगत होतास. जगाला माझा आकडा सांगत होतास.

काल रात्री जेवणानंतर मी तो कागद काढला. डेपोत चुकलेल्या आकड्याचा नियम आहे, तू पेट्या मोजून द्यायचास म्हणून तुलाही ठाऊक होता. चुकलेला आकडा खरवडायचा नाही, पुसायचा नाही. त्याच्यावरून एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा. आणि बाजूला दोन सह्या, एक लिहिणाऱ्याची, एक ज्याची नोंद आहे त्याची. दोन सह्यांशिवाय दुरुस्ती धरली जात नाही.

मी सोळावरून रेघ मारली. वर सतरा लिहिले. आकडा नीट आला आहे. सातव्या डावाच्या रकान्यात तीनचे चार केले. खाली शेरा लिहिला, की लिहिणाऱ्याने नियम न विचारता लिहिले. शेजारी सही केली, उस्मान तांबोळी.

मग दुसऱ्या सहीसाठी जागा सोडली. फाटकावरच्या हजेरीत तू पूर्ण नाव कधी लिहिले नाहीस, नुसता 'कि' काढायचास, आणि त्याची वेलांटी वरच्या माणसाच्या ओळीत घुसायची. म्हणून नेहमीपेक्षा जरा जास्तच जागा सोडली आहे.